एक वीत उजवीकडे

माझा नवरा ऑरिन रायफली घडवतो. आणि मी नऊ वर्षं दुकानातून आणलेली तयार रायफल घेऊन स्पर्धेत उतरत होते, वर बऱ्याचदा जिंकतही होते. आमच्या संसारातलं मोठं भांडण म्हणाल तर हेच. त्यावरून आम्ही कधी भांडलो नाही, म्हणून ते इतकी वर्षं टिकलं.

सुरुवात त्याच्याच तोंडून झाली होती. मी शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक करते, आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नेमबाजी क्लबच्या रेंजवर सँडविच आणि कॉफी पोचवायचं कामही माझ्याकडेच असायचं. एकदा लाइलच्या तुकडीतला एक गडी आला नाही. लाइल गुरांचं खाद्य विकतो, पण स्पर्धेच्या दिवशी कर्णा त्याच्या हातात असतो, म्हणून त्या दिवसापुरता साहेब. त्याने कुणाची तरी रायफल माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "पालथी पड, मार्लिस. दहा गोळ्या आहेत, समोर लोखंडी पाट्या आहेत. लागली की टण्ण वाजेल. नाही वाजलं तर सँडविच आहेतच."

सात वाजल्या. वारा ओळखायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पण व्हायोमिंगात जिने वीस वर्षं दोरीवर कपडे वाळत घातलेत, तिला वारा वेगळा शिकवावा लागत नाही. नुसता टॉवेल हलतो तो एक वारा, चादर पोट फुगवते तो दुसरा, आणि चिमटे उडून शेजारच्या कुत्र्याला लागतात तो तिसरा.

घरी आल्या आल्या मी ऑरिनच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे आमचं गॅरेज. गाडी बाहेर बर्फात आणि लेथ आत उबेत. म्हटलं, "मला एक रायफल बनवून दे."

लेथवरून मान वर न करता तो म्हणाला, "चौदा महिने लागतील."

"अरे, मी बायको आहे तुझी."

"म्हणून तर खरं सांगतोय. गिऱ्हाइकांना मी बारा सांगतो."

पुढच्या शनिवारी मी बूट, खिळे आणि बियाणं विकणाऱ्या दुकानात गेले आणि भिंतीवरची एक रायफल उतरवून घेतली. काळी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची, तिच्यासारख्या आणखी हजार जणी असतील अशी. ऑरिनने ती हातात घेतली, एकदा नळीतून उजेडाकडे पाहिलं, खटका मागे-पुढे केला, आणि परत दिली. कुणाच्या घरी गोड केकमध्ये मीठ पडलं असलं तरी पाहुणा जसा गप्प खातो, तसं तोंड केलं होतं त्याने.

त्या रायफलीने मी तीनदा वर्षाचा चषक घेतला. आणि क्लबातल्या पुरुषांनी त्याचं कारणही लगेच शोधून काढलं. म्हणाले, "कारखान्यातून हजारात एखादी नळी चुकून उत्तम निघते. मार्लिसच्या नशिबाला तीच आली." नाचता येईना त्याला अंगण वाकडं, हे आपण ऐकलेलं असतं. पण बाई वाकड्या अंगणात नाचून दाखवते तेव्हा लोक अंगणाचं कौतुक करतात, हे मला तिथे कळलं.

मला त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. म्हणजे वाटायचं, पण चषक घासताना ते निघून जायचं.

ऑरिनबद्दल एक सांगायला हवं. त्याला बिघडलेली वस्तू बघवत नाही. नळ ठिबकला तर तो जेवण टाकून उठतो. आमचं मागचं दार मात्र बरीच वर्षं चौकटीत अडकायचं, कारण घर खचत होतं आणि दोष कुठे आहे ते त्याला सापडत नव्हतं. मी हातात भांडं घेऊन आले की कमरेचा एक दणका द्यायचा आणि दार उघडायचं, अशी माझी सवय. गेल्या वसंतात त्याने एक दिवस चौकट सोडवून, रंधा मारून ते दार असं केलं की फुंकरीने उघडावं. पण मला सांगायचं राहिलं. संध्याकाळी मी घेवड्याचं पातेलं घेऊन आले, नेहमीसारखा दणका दिला, आणि पातेल्यासकट स्वयंपाकघराच्या पार मध्यावर जाऊन पडले. पुढचे आठ दिवस, दार दुरुस्त झालंय हे पक्कं माहीत असूनही, मी रोज आत उडत येत होते. ऑरिन टेबलाशी बसून म्हणायचा, "या, बसा."

असो. त्याच वसंतात गॅरेजमधल्या खुंट्या मोकळ्या व्हायला लागल्या.

लेथच्या वर भिंतीवर खुंट्यांची रांग आहे. ऑर्डर आली की गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेला पुठ्ठा खुंटीवर चढतो, रायफल गेली की उतरतो. मी माझी रायफल विकत आणली तेव्हा तिथे चौदा पुठ्ठे होते. मे महिन्यात तीन उरले. आणि जूनमध्ये, दस्त्याला लावायच्या तेलाच्या डब्याखाली, मला एक पत्र दिसलं. दोनशे मैलांवरच्या रेल्वेच्या कारखान्यात यंत्रावर माणूस हवा होता, आणि ऑरिनला त्यांनी भेटायला बोलावलं होतं. आठवडाभर तिकडे राहायचं, शनिवारी-रविवारी घरी. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या शिट्टीवर उठायचं आणि दुसऱ्याच्या शिट्टीवर जेवायचं.

पत्र मी होतं तिथे ठेवलं. त्यानेही काही सांगितलं नाही. आमच्याकडे असंच चालतं. महत्त्वाचं सगळं डब्याखाली.

त्याच आठवड्यात डॉक्टर फेंटन गॅरेजमध्ये आले. चाळीस वर्षं गावाचे दात काढून आता निवृत्त झालेत. दर हंगामाला नवी रायफल घेतात, आणि खिशातल्या पाकिटात नातवंडांच्या फोटोंपुढे एक कागदी लक्ष्य ठेवतात: तीन गोळ्या, तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली. तो कागद सहा वर्षांपूर्वीचा आहे. त्याच दिवशी मारलेल्या बाकीच्या सत्तावीस गोळ्यांचा कागद त्यांच्याकडे नाही.

मी कॉफी घेऊन आत गेले तेव्हा ते म्हणत होते, "ऑरिन, रागावू नकोस. मला घ्यायची आहे. माझ्या शिकारीच्या गटातल्या दोघांना घ्यायची आहे. पण ते मला विचारतात, की याची स्वतःची बायको दुकानातली रायफल वापरते, ते का? मी काय सांगू? उद्या माझ्या बायकोने कवळी दुसऱ्या डॉक्टरकडून बसवून घेतली असती, तर माझ्या खुर्चीत कोण बसलं असतं?"

"तुमच्या बायकोचे दात तिचे स्वतःचे आहेत," ऑरिन म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. दात चांगले आहेत म्हणून कवळी लागत नाही. मार्लिस जिंकते आहे म्हणून तिला तुझी रायफल लागत नाही. मग आम्ही तरी बारा महिने कशाला थांबावं?" माझ्याकडे पाहून त्यांनी टोपी जराशी उचलली. "तू मनावर घेऊ नकोस, मार्लिस."

"मी कॉफी आणलीये, डॉक्टर. मनावर घ्यायला हात मोकळे नाहीत."

ते गेल्यावर ऑरिनने तीन पुठ्ठे उगाचच सरळ केले. मी विचारलं, "मी जिंकते म्हणून तुझी गिऱ्हाइकं जातात, हे तुला किती दिवस माहीत आहे?"

"तुझं काही नाही गं. मोठ्या कंपन्या हल्ली बऱ्या बनवायला लागल्यात."

"किती दिवस?"

"चार वर्षं," तो म्हणाला.

त्या रात्री मी जागीबिगी राहिले नाही. मला झोप चांगली लागते. पण सकाळी चादरी वाळत घालताना विचार केला. माझी रायफल मला पाठ होती. तिची खटक्याची कुरकुर, तिचा खांद्याला बसणारा वाकडा धक्का. तिच्यावर माझं प्रेम होतं असं नाही. पण ती माझी एकटीची होती. ऑरिनची रायफल घेऊन जिंकले तर लोक म्हणणार, ऑरिनची रायफल. आयुष्यात एकच गोष्ट मी कुणाच्या मदतीवाचून शिकले होते, तीही त्याच्या खुंटीवर टांगायची? आणि हरले तर? मग उरलेले तीन पुठ्ठेही उतरणार.

मग दोरीवर त्याचा कामाचा सदरा आला. खिशाच्या कडेला तेलाचा डाग, नेहमीचा, कितीही घासला तरी न जाणारा. रेल्वेच्या कारखान्यात तेल वेगळं असेल, एवढंच मनात आलं.

मी आत गेले आणि म्हटलं, "माझ्यासाठी एक बनव."

"तुला गरज नाही."

"तुला आहे."

त्याने बराच वेळ चिंधीने हात पुसले. मग म्हणाला, "मापं घ्यावी लागतील."

गॅरेजच्या जमिनीवर जुना गालिचा टाकून त्याने मला पालथं पाडलं, हातात झाडूचा दांडा दिला, आणि माझ्या कोपरापासून बोटापर्यंत, गालापासून डोळ्यापर्यंत टेप लावून मापं लिहिली. एकोणतीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्याकडे इतकं लक्षपूर्वक कधी पाहिलं नव्हतं.

"तुझा उजवा हात डाव्याहून लांब आहे," तो म्हणाला.

"पातेली उचलून."

"आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलं कधी होतंस?"

चौदा महिन्यांची रायफल सहा आठवड्यांत झाली. खुंट्या मोकळ्या असल्याचा हा एक फायदा. अक्रोडाचा दस्ता, माझ्या गालाला असा बसायचा की जणू गालच त्याच्यासाठी घडवला असावा. चाप नुसता मनात आलं की सुटायचा. घरामागच्या टेकाडावर आम्ही ती चालवून पाहिली. नवी नळी मुरवताना दर वेळी आधी पुसायची, मग एक-दोन गोळ्या झाडायच्या, पुन्हा पुसायची, असा त्याचा विधी. त्या पहिल्या गोळ्या तोच झाडायचा. नळी तापली की मला म्हणायचा, "ये आता." मी पडायचे, आणि पाच गोळ्यांचं एकच भोक व्हायचं. फेंटन डॉक्टरांच्या पाकिटात भरायला दहा कागद झाले असते.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही रेंजवर गेलो. फेंटन होते, त्यांचे दोन मित्रही आले होते, घड्या न मोडलेले कपडे घालून. लाइलने कर्ण्यात सांगितलं, "मंडळी, आज मार्लिसने दुकान सोडून घरातून खरेदी केलीये!" सगळे हसले. ऑरिन माझ्या मागे दहा पावलांवर घडीच्या खुर्चीत बसला होता. त्याने आपली टोपी गुडघ्यावर ठेवली होती. एरवी तो टोपी घालतो.

पहिला टप्पा. आठशे यार्डांवर ताटाएवढी पाटी, डावीकडून चादर फुगवणारा वारा. मी वाऱ्याचा हिशेब घेतला आणि चाप ओढला. टण्ण नाही. पाटीच्या उजवीकडे वीतभर धूळ उडाली. वारा वाढला असेल म्हणून मी डावीकडे सरकले. दुसरी गोळी पाटीच्या डावीकडे. तिसरी मूळ हिशेबावर परत येऊन मारली, ती वाजली. पुढच्या सातही वाजल्या.

होतं असं. दुसऱ्या टप्प्याला पाऊण तास थांबावं लागतं. बाकीचे चाळीस जण आपापल्या गोळ्या झाडतात, तोवर आपण डबा उघडायचा, रायफल सावलीत ठेवायची. माझी पाळी आली. पहिली गोळी, उजवीकडे वीतभर. दुसरी डावीकडे. तिसरी टण्ण.

तिसरा टप्पा, तेच. चौथा, तेच. मागे कुणी बोलत नव्हतं, आणि क्लबात कुणी बोलत नाही तेव्हा सगळे बोलतच असतात. मी वळून पाहिलं. ऑरिनची टोपी आता त्याच्या दोन्ही हातांत होती आणि तो तिचा काठ असा फिरवत होता, जणू त्यातला बाक शोधतोय.

पाचव्या टप्प्याला वारा पडला. ध्वज काठीला चिकटला, गवताचं पातं हलत नव्हतं. असा वारा पडणं आमच्याकडे वर्षातून दोनदा. मी पडले, पाटीकडे पाहिलं, आणि चाप ओढला.

उजवीकडे, वीतभर.

वाऱ्यावर ढकलायला आता वाराच नव्हता. मी दुर्बिणीतून डोळा काढला नाही. धूळ सरळ वर गेली आणि तिथेच थांबली. आणि त्या धुळीकडे पाहताना मला स्वयंपाकघराच्या मध्यावर सांडलेला घेवडा दिसला.

माझी जुनी रायफल थंड असताना पहिली गोळी डावीकडे टाकायची. आठशे यार्डांवर वीतभर. तापली की सरळ. नऊ वर्षं दर टप्प्याच्या पहिल्या गोळीला माझा हात आपण होऊन वीतभर उजवीकडे जात होता, आणि मी त्याला कधी विचारलं नव्हतं की बाबा, कुठे चाललास. मी आजही कमरेचा दणका देत होते. दार दुरुस्त झालं होतं.

उरलेल्या नऊ गोळ्या मी हसू आवरत मारल्या, सगळ्या वाजल्या. उठले ती थेट ऑरिनकडे जायला. पण त्याची खुर्ची रिकामी होती. तो जेवणाच्या शेडमध्ये फेंटन आणि त्यांच्या दोन मित्रांपुढे उभा होता, टोपी छातीशी धरून, मयताला आल्यासारखा.

"नळीत खोट आहे," तो सांगत होता. "थंड असताना ती उजवीकडे टाकते. मला ते घरी पकडता आलं नाही. तिचा नेम चुकत नाही. काम माझं चुकलंय."

पंचवीस वर्षांत त्याच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं, कारण म्हणायची वेळच आली नव्हती. शेडमध्ये लोकांनी सँडविच चावायचं थांबवलं.

"खोटबिट काही नाही," मी म्हटलं. "मी चुकीचा नेम धरत होते. जुन्या रायफलीचा दोष मी या रायफलीतही धरून चालले होते."

लाइल मोठ्या मायेने म्हणाला, "अगं, नवऱ्याची बाजू घ्यावी बायकोने. चांगलंच आहे ते."

"बाजू नाही घेत. खरं सांगतेय."

"हो, हो," लाइल म्हणाला, आणि मला लोणच्याची काकडी दिली.

फेंटन डॉक्टर आपल्या मित्रांकडे बघत होते, मित्र आपल्या बुटांकडे. एका मित्राने घड्याळ पाहिलं. मला त्या क्षणी गॅरेजमधली खुंट्यांची रांग दिसली, सगळी मोकळी, नुसत्या खुंट्या.

म्हटलं, "डॉक्टर, रायफल तासाभराने अगदी गार होईल. तुम्ही पडा तिच्यामागे. पहिली गोळी तुम्ही मारा."

"मी? आठशेवर? पहिली?" ते म्हणाले. त्यांची पहिली गोळी कुणी वाजताना ऐकली नव्हती. पण मित्र उभे होते, आणि माणूस सहासष्टचा झाला तरी मित्रांसमोर सोळाचाच असतो.

जेवणानंतर ते पडले. दस्ता त्यांना आखूड होत होता, कोपर कुठे ठेवावं कळत नव्हतं. वारा पुन्हा थोडा उठला होता. मी शेजारी गुडघ्यावर बसून त्यांना किती धरायचं ते सांगितलं. त्यांनी इतका वेळ लावला की लाइलने कर्ण्यात खोकून दाखवलं.

टण्ण.

मग दुसरी, टण्ण. तिसरी, टण्ण. फेंटन उठले तेव्हा त्यांच्या कोपराला माती होती आणि चेहरा, मी खोटं सांगत नाही, पहिला दात पडलेल्या मुलासारखा झाला होता. मी वाट पाहत होते की आता ते म्हणतील, मार्लिस, तू म्हणत होतीस ते खरं.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस, मार्लिस. रायफल उत्तम आहे. पण ही अशी रायफल सगळ्यांनाच झेपते असं नाही."

लाइल म्हणाला, "असतं काही काही जणांचं. साध्या हत्याराला हात बसलेला असतो."

"कामापुरतं बरं असतं ते," मित्रांपैकी एक म्हणाला. मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

ऑरिन पुढे आला. त्याच्या मानेवरची शीर दिसत होती. "डॉक्टर, ती म्हणाली ते..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. हळू नाही दिला. फेंटन तेवढ्यात म्हणाले, "तीन. तिघांना एकेक. किती थांबावं लागेल?"

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीच्या किटलीकडे पाहिलं.

"चौदा महिने," तो म्हणाला.

"बारा म्हणायचास तू!"

"आता मागणी वाढलीये," ऑरिन म्हणाला.

त्या दिवशी मी एकविसावी आले. संध्याकाळपर्यंत पाच जणांनी त्याच्याकडे नाव दिलं. दंतवैद्याने मार्लिसला मागे टाकलं, ही बातमी आमच्याआधी गावात पोचली होती. किराणा दुकानातल्या मुलीनेसुद्धा मला अंडी देताना आवाज हळू केला.

घरी ऑरिन जेवला नाही. जुनी रायफल टेबलावर आडवी ठेवून तिच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "हा प्लॅस्टिकचा दस्ता इथे नळीला टेकतो. एकाच बाजूने. थंड असताना ढकलतो, तापली की सोडतो. तासाभराचं काम आहे."

"तुला कधी कळलं?"

"तू आणलीस त्या दिवशी."

मी ताट पुसत होते ते तसंच हातात राहिलं. ठिबकणाऱ्या नळासाठी जेवण टाकून उठणारा माणूस. "नऊ वर्षं? आणि हात नाही लावलास?"

"पहिल्याच महिन्यात तू चौथी आलीस. मी तुझ्या मागे उभा होतो. म्हटलं, हिने दोष ओळखलाय आणि धरून चाललीये. माझ्यासमोर कुणी तसं करत असेल तर त्यात नाक खुपसू नये." त्याने दस्त्यावरून अंगठा फिरवला. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

"माझ्या हाताला माहीत होतं. मला नव्हतं."

मग त्याने नव्या रायफलीकडे पाहिलं, तिचा अक्रोड दिव्याखाली मधासारखा दिसत होता, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "तुला हवं तर मी हिच्यात ती चूक घालून देतो. दस्त्याला आतून एक गाठ ठेवायची. पहिली गोळी डावीकडे, बरोब्बर वीतभर. कुणाला कळणार नाही."

साऱ्या राज्यात ज्याच्या हातची नळी केसभर हलत नाही म्हणतात, तो माणूस मला एक बिघडलेली रायफल देऊ करत होता. माझ्याशी लग्न करतानासुद्धा तो इतकं काही सोडायला तयार झाला नव्हता.

"नको," मी म्हटलं. "मी आठ दिवसांत दार शिकले. हेही शिकेन."

"मग डॉक्टरांना खरं सांगू दे मला."

"खबरदार. पाच नवे पुठ्ठे आहेत खुंटीवर. त्यातला एकही तुझ्या नळीवर आलेला नाही. मला हरवलं म्हणून आलेत ते."

"हेच मला पटत नाही."

"मलाही नाही. जेव आता."

रेल्वेचं पत्र मी दुसऱ्या दिवशी तेलाच्या डब्याखाली शोधलं. नव्हतं. शेगडीत राख होती, पण ऑगस्टमध्ये आम्ही शेगडी पेटवत नाही, एवढंच मला माहीत आहे.

दोन महिने मी रोज सकाळी, शाळेत जायच्या आधी, थंड नळीने एकच गोळी मारली. एकच. मग रायफल पुसून ठेवायची. दस्त्यावर, गाल टेकतो तिथे, मी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं: दार दुरुस्त झालंय. पहिले कित्येक दिवस हात तरीही जायचा. मग एकदा थांबला.

ऑक्टोबरच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी फेंटन डॉक्टर घरी आले. त्यांची रायफल व्हायला अजून वर्ष होतं, आणि जुनी त्यांनी उत्साहाच्या भरात विकून टाकली होती. टोपी उचलून म्हणाले, "मार्लिस, तुझी ती दुकानातली पडूनच आहे ना? उद्यापुरती देतेस? तुझी हजारात एक नळी आहे म्हणतात, बघू तरी."

गॅरेजमधून लेथचा आवाज थांबला. ऑरिन दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"न्या की," मी म्हटलं. "सांभाळून वापरा, एवढंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच तुकडीत होतो. मी माझ्या आधीच्या चुकांचा पाढा वाचत पडले, पट्टीवरची अक्षरं गालाला लागली, आणि पहिली गोळी वाजली. दुसऱ्या टप्प्याचीही वाजली. पाचव्या टप्प्यापर्यंत एकही पहिली गोळी चुकली नव्हती. लाइल कर्ण्यात म्हणाला, "मार्लिसला रायफल झेपायला लागलीये!" आणि टाळ्या पडल्या. पडोत.

फेंटन माझ्यानंतर पडत होते. पहिल्या टप्प्याला पहिली गोळी डावीकडे. दुसऱ्याला डावीकडे. तिसऱ्याला त्यांनी वाऱ्याला शिवी दिली. चौथ्याला त्यांनी दुर्बीण तपासली. पाचव्यानंतर ते उठले, माझ्याजवळ आले, आणि हळूच, शेडमधल्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, म्हणाले, "मार्लिस, ही रायफल थंड असताना पहिली गोळी डावीकडे टाकते."

"हो का?" मी म्हटलं. "मला कधी जाणवलं नाही."

ते तसेच उभे राहिले. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात बघितलेला माणूस. दुखतं कुठे ते शोधायची त्यांना सवय. त्यांनी हातातल्या काळ्या रायफलीकडे पाहिलं, मग शेडमधल्या विजेत्यांच्या फळीकडे, जिथे तीन वर्षांपुढे माझं नाव कोरलंय. मग पुन्हा रायफलीकडे. त्यांचे ओठ हलत होते. मोजत असावेत.

ऑरिन खुर्चीत मागे टेकून बसला होता. टोपी डोक्यावर होती, आणि जरा जास्तच पुढे ओढलेली.

"कॉफी घेणार का, डॉक्टर?" मी विचारलं.

"घेतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, डोक्यावरची टोपी पूर्ण काढून म्हणाले, "थांब, तू बैस. मी आणतो."